रेंज फुल, तरी आवाज फाटतोय: वायरलेस सिमलकास्टवर नेल्यानंतरची नेहमीची बोंब

सोलापूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांत वायरलेसच्या साइटी सांभाळायचं काम करतो, म्हणजे फायर, ॲम्ब्युलन्स, बंदोबस्त, पूरनियंत्रण असली मंडळी ज्या सेटवर बोलतात त्या सिस्टिम. कुठली साइट कुणाची ते इथे लिहिणार नाही, त्याने फरकही पडत नाही, कारण जुनी सिस्टिम सिमलकास्टवर नेली की तक्रार सगळीकडे एकच येते आणि शोधताना लोक नेमकं उलट्या टोकापासून सुरू करतात. पहिला आठवडा सगळे खूश, मग फोन, "ओ, सेटवर रेंज फुल दावतंय पण बोललेलं कळंनालंय, आवाज फाटलालाय, पॉवर वाढवा की जरा."

पॉवर वाढवू नका. आधी का ते सांगतो, मग तपासणी.

पूर्वी प्रत्येक टॉवरची फ्रिक्वेन्सी वेगळी असायची, गाडी मोहोळ ओलांडून पंढरपूरकडे निघाली की ड्रायव्हरने नॉब फिरवून चॅनल बदलायचा, विसरला की तो गायब आणि कंट्रोल रूम ओरडत बसायची. सिमलकास्टमध्ये सगळे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी, तेच बोलणं सोडतात, त्यामुळे नॉबला हात लावायची गरज उरत नाही आणि फ्रिक्वेन्सीही कमी लागतात. पण जिथे दोन टॉवरचे सिग्नल जवळपास सारख्याच ताकदीचे पोचतात तिथे दोघांचं एकमेकांशी तंतोतंत जुळायला लागतं. दोन भजनी मंडळी तोच अभंग अर्ध्या मात्रेच्या फरकाने म्हणायला लागली तर मध्ये बसलेल्याला एकाचाही शब्द लागत नाही, तसं होतं. एक टॉवर दुसऱ्यापेक्षा साधारण ६ ते १० डीबीने (डीबी म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप) जोरात असला तर एफएमचा रिसिव्हर जोरातल्याला धरतो आणि दुसऱ्याला दाबून टाकतो, सगळं छान. फरक त्याहून कमी झाला की मग वेळ जुळलेली आहे का हा प्रश्न येतो.

आता पॉवरचं बघा. दोन्ही साइटची पॉवर दुप्पट केली तर दोघांतला फरक आहे तेवढाच राहतो, फाटणारा पट्टा तसाच फाटतो. एकाच साइटची वाढवली तर पट्टा सरकतो आणि जे गाव काल ठीक होतं ते आज बोंबलतं. म्हणजे रेंज फुल असताना आवाज फाटत असेल तर सिग्नल कमी नाहीये, जास्तच आहे, एकाच्या ऐवजी दोन आहेत आणि ते जुळत नाहीयेत.

लक्षणं, यातली दोन-तीन एकत्र दिसली तर पुढे वाचा:

- रेंज पूर्ण, पण आवाज घोगरा. डिजिटल असेल तर शब्द गिळले जातात, मध्येच रोबोटी आवाज येतो.
- दोन पावलं बाजूला सरकलं की साफ, परत जागेवर आलं की खराब.
- चालत्या गाडीत आवाज फडफडतो, किंवा उलट, गाडी उभी केली की नेमका त्याच जागी मरतो.
- तक्रार ठराविक पट्ट्यातूनच येते, टॉवरच्या पायथ्याशी कधीच नाही.
- सेट बोलता बोलता मुका होतो आणि आपोआप उघडतो.
- बोलण्यामागे एकाच सुरात घूंघूं.
- लाइट गेली त्या दिवशी सगळं ठीक, बोंब दुसऱ्या दिवशी.

रेंजच येत नसेल किंवा तुमचं बोलणं कंट्रोलला पोचत नसेल आणि कंट्रोलचं तुम्हाला स्वच्छ ऐकू येत असेल, तर दुखणं वेगळं आहे. त्यातलं एक मात्र सांगून ठेवतो कारण लोक दोन्ही एकत्र करतात. सेटकडून टॉवरकडे येणारं बोलणं सगळ्या साइटींचे रिसिव्हर ऐकतात आणि व्होटर नावाचं यंत्र त्यातलं सगळ्यात चांगलं उचलतं. एखाद्या रिसिव्हरची लेव्हल बिघडली की व्होटरला तोच चांगला वाटायला लागतो आणि खरखर पुढे जाते. तेव्हा व्होटरच्या स्क्रीनवर कुठली साइट सारखी जिंकतेय ते बघा, तिला तात्पुरती व्होटिंगमधून काढा, खरखर गेली तर चोर सापडला.

आधी वही आणि नकाशा

याला पैसे लागत नाहीत म्हणून कोणी करत नाही. चार-पाच दिवस प्रत्येक तक्रार लिहून घ्या: जागा, वेळ, हातातला सेट का गाडीतला, उभा का चालता, आणि ऐकताना त्रास का बोलताना. मग नकाशावर टिंबं मारा. टिंबं दोन टॉवरच्या मधल्या पट्ट्यात आली तर वेळेचा मामला. एकाच साइटच्या भोवती आली तर त्या साइटचं हार्डवेअर. जिल्हाभर पसरली तर कंट्रोल रूम किंवा लिंक. आणि फक्त एका गाडीची असली तर त्या गाडीचा अँटेना बघा आणि घरी जा.

वेळेच्या रकान्यातून तर निम्मं निदान होतं. रोज दुपारी दोन ते पाच असेल तर साइटवर उष्णता. लाइट गेल्याच्या दुसऱ्या दिवशी असेल तर जीपीएस, का ते पुढे सांगतो. फक्त थंडीत भल्या पहाटे, आणि ऊन चढलं की आपोआप बंद, असं असेल तर काहीच करू नका, जमिनीलगत गार हवा आणि वर गरम हवा असली की व्हीएचएफ (आपल्या सेटच्या लहरी) लांबवर जातं, एरवी न ऐकू येणारी लांबची साइट मध्ये घुसते. त्याच्यासाठी सेटिंग बदलत बसलात तर दिवसभराचं चांगलं चाललेलं बिघडवाल.

दोन पावलांचंही गणित आहे. १६० मेगाहर्ट्झला एक लहर साधारण १.९ मीटरची. समोरासमोरच्या दोन टॉवरमध्ये उभे असाल तर दर ०.९ मीटरला एक खड्डा येतो जिथे दोन्ही सिग्नल एकमेकांना मारतात. म्हणून एक-दोन पावलांत फरक पडतो, आणि गाडी ६० च्या स्पीडने गेली तर सेकंदाला १७-१८ खड्डे लागतात, तीच ती फडफड. थोडी फडफड प्रत्येक सिमलकास्टमध्ये असतेच, ती शून्य करून देतो म्हणणाऱ्याला उभं करू नका.

हातातला सेट

अपग्रेडच्या वेळी सगळे सेट नव्याने प्रोग्राम व्हायला पाहिजेत, पण कुणीतरी रजेवर असतो, कुणाचा सेट कपाटात असतो, आणि मग वारीच्या किंवा गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर तो बाहेर निघतो. त्यात जुने साइटवार चॅनल असतात, किंवा जुना टोन (बोलण्यासोबत जाणारा सूर, तो जुळला तरच सेट उघडतो), किंवा चॅनलची रुंदी एकाला २५ किलोहर्ट्झ आणि बाकीच्यांना १२.५. रुंद सेट अरुंद चॅनलवर बोलला की आवाज मोठा आणि फाटका, अरुंद रिसिव्हरला ते झेपत नाही. डिजिटलमध्ये रोमिंग आणि स्कॅन लिस्ट बंद करा, सगळ्या साइटी एकाच फ्रिक्वेन्सीवर असताना सेटने कुठली साइट शोधायची? तो उगाच फिरत राहतो आणि सुरुवातीचे शब्द खातो.

करायचं एवढंच: तक्रारीच्या जागी दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या मॉडेलचा, नक्की बरोबर प्रोग्राम केलेला एक सेट घेऊन उभे राहा. एक फाटतो आणि दुसरा साफ असेल तर टॉवरकडे जाऊच नका. डिजिटलचे काही जुने रिसिव्हर सिमलकास्टमध्ये खरंच कमी पडतात, फर्मवेअर बदलून सुधारतात का बघायचं, नाही तर तो सेट टॉवरजवळच्या माणसाला द्यायचा.

कमरेला पट्ट्यात अडकवलेला सेट अंगामुळे बराच सिग्नल गमावतो, वारीत पंढरपूरजवळच्या वाखरीच्या तळावर गर्दीत तर आणखी. एक्स्टेन्शन माइक असेल तर सेट खांद्याजवळ वर घ्या. किरकोळ वाटतं पण वारीत मोबाइलचं नेटवर्क जाम झालं की सगळा भार याच सेटवर येतो.

कंट्रोल रूमचा उंच अँटेना

हे उलटं वाटेल, पण सगळ्यात वाईट आवाज बऱ्याचदा सगळ्यात चांगल्या अँटेनावर येतो. गच्चीवर उंच पाइप, त्यावर चौफेर ऐकणारा अँटेना, त्यामुळे तो तीन-चार साइटी एकदम ऐकतो आणि खालच्या मजल्यावर हातातला सेट मात्र एकच साइट ऐकून साफ बोलतो. तालुक्याच्या ठिकाणचे बेस सेट असेच रडतात. उपाय स्वस्तातला आहे, चौफेर अँटेना काढून यागी (एकाच दिशेने ऐकणारा अँटेना) लावायचा आणि एकाच साइटकडे तोंड करायचं. यागीचं तोंड जवळच्या साइटकडेच पाहिजे असं नाही, जिच्या पाठीमागे दुसरी साइट येत नाही अशा साइटकडे वळवा.

साइटवर गेल्यावर: लाइट, पंखा, धूळ

निघायच्या आधी कंट्रोल रूममध्ये अलार्मचं पान उघडून बघा, लाल दिवा आठवडाभर पेटलेला असतो आणि कोणी बघितलेलं नसतं.

साइटवर पहिलं बॅटरीचं व्होल्टेज, मल्टिमीटरने, ट्रान्समिट चालू असताना. १२ व्होल्टच्या बँकेवर चार्जर चालू असताना १३.८ च्या आसपास दिसायला पाहिजे, मेन बंद करून पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्यावर ते झपकन खाली गेलं तर बॅटरी गेली. लाइट जाऊन येताना बॅटरी मरायला टेकलेली असली की रिपीटर (बोलणं ऐकून परत सोडणारं साइटवरचं यंत्र) कसाबसा तग धरतो पण जीपीएसच्या घड्याळाचा बॉक्स रिस्टार्ट होतो, आणि त्याला गरम होऊन जागेवर यायला वेळ लागतो. तोवर ती साइट आपल्या मनाने बोलत राहते.

मग पंखा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ डिग्री, पत्र्याच्या शेल्टरमध्ये किती होत असेल ते सांगायला नको. तापलं की ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतो. पॉवर कमी झाली की त्या साइटचा हिस्सा आकसतो, दोन साइटींचा मधला पट्टा सरकून आत येतो, आणि दुपारच्या तक्रारी वेगळ्याच गावातून यायला लागतात. फिल्टरची जाळी काढून झटकली तरी कितीतरी वेळा काम होतं. उसाच्या शेताशेजारची साइट असेल तर पाचट जाळल्याची काजळी जाळीवर थराने बसते, ती झटकून जात नाही, धुवावी लागते, आणि धुतलेली जाळी ओलीच परत बसवू नका.

जीपीएस, इथे वेळ काढा

ज्या कारणाने सगळ्यात जास्त फेऱ्या होतात ते हेच. सगळ्या साइटी एकत्र बोलतात त्या जीपीएसच्या घड्याळावर, त्यातून दोन गोष्टी निघतात, १० मेगाहर्ट्झचा रेफरन्स आणि दर सेकंदाला एक ठोका. रेफरन्सवरून फ्रिक्वेन्सी जुळते आणि ठोक्यावरून वेळ.

जीपीएस तुटलं की लगेच काही होत नाही आणि तिथेच लोक फसतात. बॉक्समधला ऑसिलेटर, म्हणजे आतलं घड्याळ, आपल्या जिवावर चालत राहतो. समजा तो फक्त एक अब्जांश चुकला. १६० मेगाहर्ट्झला ही चूक ०.१६ हर्ट्झ, मीटरवर दिसणारसुद्धा नाही. पण दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यामुळे चोवीस तासांत वेळेत ८६ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. आणि ८६ म्हणजे किती? रेडिओ लहर एक किलोमीटर जायला ३.३ मायक्रोसेकंद घेते, म्हणजे ती साइट जागच्या जागी उभी असून सिस्टिमच्या दृष्टीने २५-२६ किलोमीटर लांब गेली. म्हणून लाइट गेली सोमवारी आणि बोंब मंगळवारी. फ्रिक्वेन्सी तपासणारा माणूस येतो, बरोबर आहे म्हणतो आणि जातो.

किती फरक चालतो याचा अंदाज असू द्या. पी२५ या डिजिटल वायरलेस पद्धतीच्या साध्या सीफोरएफएम मॉड्युलेशनला (आवाज लहरीवर चढवायची रीत) ३०-३५ मायक्रोसेकंदांच्या पुढे त्रास सुरू होतो, सिमलकास्टसाठी काढलेल्या लिनियर मॉड्युलेशनला त्याच्या दुपटीच्या आसपास जमतं. डिजिटलमधला एक सिम्बॉल, म्हणजे एका वेळी पाठवलेला माहितीचा तुकडा, साधारण २०८ मायक्रोसेकंदांचा असतो, तो आणि पुढचा एकमेकांत मिसळायला लागले की रिसिव्हर गोंधळतो.

बघायचं काय:

लॉकचा दिवा, म्हणजे बॉक्सने उपग्रह पकडलेत याची खूण. हिरवा आहे म्हणून समाधान मानू नका, मेन्यूत जाऊन किती उपग्रह दिसतायत आणि किती वेळापासून लॉक आहे ते बघा. "लॉक, १२ मिनिटं" असं दिसलं आणि तुम्ही तिथे तासभर आहात, तर तो सारखा सुटतोय.

अँटेनाला आकाश. बसवताना मोकळं होतं, नंतर कुणीतरी शेजारी पाण्याची टाकी उचलली, सोलर पॅनेल ठोकलं, पत्र्याची शेड वाढवली. पारव्यांनी घरटं केलेलंही बघितलंय, घरट्याने फारसं अडत नाही, पण ते कनेक्टर टोचून टोचून वरची टेप काढतात.

कनेक्टर. टेप उचकटली की पहिल्या पावसात पाणी आत. उघडून बघा, मधली पिन हिरवी पडली असेल तर केबल कापून नवीन कनेक्टर टाका आणि वर स्वतःला चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळा, साधी काळी टेप आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात सुटते.

अँटेनाचा करंट. जीपीएसचा अँटेना ॲक्टिव्ह असतो, त्याला त्याच केबलवरून व्होल्टेज जातं, मॉडेलप्रमाणे ३.३ किंवा ५ व्होल्ट. वरच्या टोकाला कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा. व्होल्टेज नाही म्हणजे केबल किंवा बॉक्स, व्होल्टेज आहे पण उपग्रह नाहीत म्हणजे अँटेना. मीटर लावताना पिन आणि बॉडी शॉर्ट करू नका, नाहीतर बॉक्सही जाईल.

केबलच्या लांबीवरून कोणी वाद घालायला आला तर सोडून द्या, मीटरला ४-५ नॅनोसेकंद, ३० मीटरला ०.१५ मायक्रोसेकंद, आपल्या कामात त्याने काही होत नाही.

तारीख. सेकंडहँड मॉड्यूल स्वस्तात मिळतात म्हणून टाकले जातात. जीपीएसमध्ये आठवड्यांची मोजणी १०२४ ला परत शून्यावर येते, शेवटची एप्रिल २०१९ मध्ये आली, आणि जुनी मॉड्यूल साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवतात. १० मेगाहर्ट्झ बरोबरच येतो, त्यामुळे वरवर सगळं ठीक, पण आयपीवर चालणाऱ्या सिस्टिममध्ये आवाजाच्या पॅकेटवर खरी वेळ छापलेली असते, तिथे ती साइट गप्प बसते किंवा वाटेल तेव्हा बोलते. तसंच एका साइटला जीपीएसची वेळ आणि दुसरीला यूटीसी (जगाची प्रमाण वेळ) दिलं तर १८ सेकंदांचा फरक. स्क्रीनवरची तारीख-वेळ सगळ्या साइटींवर सारखी आहे का एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

आणि एक सेटिंग नक्की बघा: लॉक सुटला आणि ठरलेला वेळ उलटला की साइटने ट्रान्समिट बंद करायचं का चालू ठेवायचं. पुष्कळ ठिकाणी "कव्हरेज जायला नको" म्हणून चालू ठेवलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे, बंद करा. एक साइट गप्प झाली तर शेजारची थोडं तरी सांभाळते, एक साइट चुकीच्या वेळी बोलली तर शेजारचीही बिघडवते. पण ज्या गावाला दुसऱ्या साइटचा आधारच नाही तिथे हा निर्णय सिस्टिम ज्यांची आहे त्यांनी घ्यायचा, आपण नाही.

एक साइट बंद करून ऐका

सगळ्यात जास्त सांगून जाणारी तपासणी हीच, खर्च शून्य, फक्त परवानगी लागते. कंट्रोल रूमला आधी सांगा, सणाच्या, सभेच्या, पुराच्या दिवशी करू नका. एक माणूस फाटणाऱ्या जागी, समजा सोलापूर-पुणे हायवेवर लांबोटीच्या आसपास, एक माणूस साइटवर. साइटवरचा ट्रान्समिट बंद करतो, कंट्रोल मोठ्याने आकडे मोजतो. लगेच साफ झालं तर या साइटची आणि शेजारच्या साइटची वेळ जुळत नाहीये. काहीच बदल नाही तर ही साइट निर्दोष, पुढची बंद करा. आवाज कमजोर झाला पण स्वच्छ झाला, तरीही वेळच. दोन्ही एकेकटी ठीक आणि एकत्र खराब असतील तर कुणी कितीही म्हटलं तरी पॉवर आणि अँटेनाच्या मागे जाऊ नका.

कधीकधी असंही निघतं की दोन्ही साइटींची घड्याळं एकदम बरोबर आहेत आणि तरी फाटतंय. याचं कारण अंतर. सोलापूर आणि पंढरपूर सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटर. मध्ये कुठेतरी तुम्ही एकापासून ४० आणि दुसऱ्यापासून २० वर आहात, फरक २० किलोमीटर, म्हणजे ६६-६७ मायक्रोसेकंद, घड्याळं परफेक्ट असूनसुद्धा. साधारणपणे जवळचा टॉवर एवढा जोरात असतो की लांबचा दबतो, पण जवळचा टॉवर टेकाडाआड असला आणि लांबचा उंचावर, तर दोन्ही सारखेच पोचतात. हे डिझाइनचं दुखणं आहे, शेवटी येतो त्याच्यावर.

घूंघूं येत असेल तर एकच केबल बघा

रिपीटरच्या मागे रेफरन्सची केबल येते, बीएनसीने (फिरवून बसणाऱ्या कनेक्टरने) लावलेली. उंदरांनी कुरतडली किंवा कुणी धूळ पुसताना अर्धी फिरवून सोडली की रिपीटर आपल्या आतल्या क्रिस्टलवर जातो आणि अलार्मही देईलच असं नाही. क्रिस्टल १ पीपीएमचा (दहा लाखांत एक एवढी चूक) धरला तरी १६० मेगाहर्ट्झला १६० हर्ट्झ फरक, आणि तेच घूंघूं म्हणून ऐकू येतं. सिमलकास्टला हा फरक काही हर्ट्झच्या आतच पाहिजे. बीएनसी काढून परत लावा, चावी फिरल्यासारखी टक् करून बसली पाहिजे.

लिंक

कंट्रोलपासून साइटपर्यंत आवाज जातो तो मायक्रोवेव्ह लिंकवर, फायबरवर, किंवा भाड्याच्या लाइनवर. प्रत्येक साइटला पॅकेट वेगवेगळ्या वेळी पोचतात, म्हणून सगळे थोडं थांबून ठरलेल्या क्षणी एकदम सोडतात. हा थांबा सगळ्यात हळू लिंकपेक्षा मोठा पाहिजे. समजा थांबा १०० मिलिसेकंद आणि लिंक ४० घेते, मस्त. फायबर तुटला, राउटरने गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारली आणि १५० लागायला लागले, की पॅकेट उशिरा पोचतं आणि फेकलं जातं. सेटवर आवाज फाटत नाही, तुटतो. लॅपटॉपवरून साइटकडे तासभर पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ती चाचणी) लावून ठेवा, सरासरी बघू नका, सगळ्यात मोठा आकडा बघा.

जीपीएस न लावता नेटवर्कवरूनच वेळ घेणारी सिस्टिम असेल तर आणखी एक भानगड: जायचा आणि यायचा वेळ सारखा नसेल तर त्या फरकाचा अर्धा भाग सरळ घड्याळात चूक म्हणून बसतो. लिंक भाड्याची असेल तर तुमच्या हातात काहीच नाही, त्या साइटला जीपीएस लावायचा आग्रह धरा.

फीडर आणि अँटेना, फक्त खालून

फीडरवर, म्हणजे ट्रान्समीटरपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलवर, वॉटमीटर लावून जाणारी आणि परत येणारी पॉवर बघा आणि बसवतानाच्या आकड्याशी ताडून बघा. पाणी शिरलेल्या कनेक्टरमुळे पॉवर निम्मी झाली म्हणजे ३ डीबी गेले, सेटवर रेंज तेवढीच दिसते पण पट्टा सरकतो. "पूर्वी इथे ठीक होतं, आता नाही" अशी तक्रार आणि घड्याळं बरोबर, तर हेच. ट्रान्समिट बंद केल्याशिवाय कनेक्टर सोडू नका, हात भाजतो आणि ट्रान्समीटरही जातो.

इथे थांबा

टॉवरवर चढायचं काम तुमचं नाही, हार्नेस आणि ट्रेनिंग असलेल्या माणसाचं. ढग दिसत असतील तर त्याचंही नाही. वर ट्रान्समिट चालू असताना अँटेनाशेजारी कुणालाही पाठवू नका.

डिव्हिएशन (आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते ते), ऑडिओ लेव्हल, टोनची फेज, साइटींचा डिले यांना सर्व्हिस मॉनिटर आणि वेळ मोजायचं यंत्र असल्याशिवाय हात लावू नका. अनालॉगमध्ये सगळ्या साइटींचा टोनसुद्धा एका फेजमध्ये पाहिजे, नाहीतर मधल्या पट्ट्यात दोन टोन एकमेकांना मारतात आणि सेट बंद-चालू होत राहतो, तेच ते "मुका होतो" लक्षण. हे कानाने जुळवता येत नाही. एखाद्या साइटवर वेगळ्या मॉडेलचा रिपीटर स्पेअर म्हणून टाकला असेल तर त्याच्या आतलाच उशीर वेगळा असतो, फर्मवेअर वेगळं असलं तरी तेच, ते मोजूनच भरून काढावं लागतं.

डिझाइनचं दुखणंही असली यंत्रं असलेल्या इंजिनिअर मंडळींकडेच द्या. एका साइटचा डिले मुद्दाम वाढवून फाटणारा पट्टा हायवेवरून उचलून उजनीच्या पाण्यावर किंवा निव्वळ शेतात नेता येतो, अँटेना खाली झुकवता येतो, एका दिशेचा लावता येतो. पण एक पट्टा हलवला की दुसरा कुठेतरी उगवतो, म्हणून ते आधी कॉम्प्युटरवर काढतात आणि मग गाडी घेऊन रस्त्या-रस्त्याने मोजतात. पॉवर, फ्रिक्वेन्सी आणि अँटेनाची उंची तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीच्या (फ्रिक्वेन्सी वाटून देणारी शाखा) लायसन्समध्ये लिहिलेली असते, ती परस्पर बदलायचीच नाही.

इंजिनिअरला बोलवाल तेव्हा त्याच्या हातात हे द्या: तक्रारींची वही आणि टिंबांचा नकाशा, कुठली साइट बंद केल्यावर कुठे साफ झालं, प्रत्येक साइटचे जीपीएसचे फोटो तारखेसकट, जाणारी-येणारी पॉवर, आणि पिंगचा सगळ्यात मोठा आकडा. तो येईपर्यंत दोषी साइटचा ट्रान्समिट बंद ठेवायचा का ते कंट्रोलशी बोलून लेखी ठरवा, आणि सगळ्या सेटमध्ये टॉवरशिवाय समोरासमोर बोलायचा एक डायरेक्ट चॅनल आहे का ते आजच बघून घ्या, तो अपग्रेडच्या गडबडीत हमखास राहून जातो.